पाच आणे मन

थांबा, मला आधी तो प्रश्न सांगू द्या, बाकी सगळं नंतर. समोरचा माणूस तंबाखू सोडायचं म्हणतोय आणि सोडत नाहीये. त्याला विचारायचं, ‘सोळा आण्यांपैकी किती आणे सोडावीशी वाटते?’ तो म्हणेल, पाच आणे. आता तुमच्या-माझ्या तोंडून आपसूक काय निघेल? ‘अहो, पाचच? दहा-बारा तरी म्हणा!’ नेमकी इथं जीभ आवरायची आणि उलटं विचारायचं: ‘पाच कसे? दोन का नाही म्हणालात?’

झालं. एवढाच प्रश्न.

आमच्या चितेगावातल्या एका टेम्पोवाल्या मामांना मी हा प्रश्न विचारला, तेव्हा ते आधी माझ्याकडे बघतच राहिले. बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी नजर. मग म्हणाले, ‘दोन कसं म्हनू ताई? तोंड पुरतं उघडंना झालंय. जरा तिखट लागलं की नुसती आग. नात जवळ येत नाही, वास येतो म्हनती. आन् आमच्या साडूचं काय झालं ते तर समद्या गावाला माहिती आहे.’ मामा बोलत होते आणि मी आ वासून ऐकत होते. तंबाखूविरुद्ध भाषण चाललं होतं, अगदी मुद्देसूद, उदाहरणांसहित, आणि वक्ते होते स्वतः मामा! त्यांची बायको, मुलगा, सून, आरोग्य केंद्रातले डॉक्टर, सगळे वर्षानुवर्षं हेच त्यांना सांगत आले होते. त्या प्रत्येकाला मामांनी एकच उत्तर दिलं होतं: ‘आमचा आजा नव्वद वर्षं जगला, तंबाखू खाऊन.’ त्या दिवशी आजोबांचा विषयही निघाला नाही. काढणार कोणासमोर? वाद घालायला समोर कोणी नव्हतंच.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि हे मी शब्दशः सांगतेय. घरातल्या प्रत्येकाला उठवून सांगावंसं वाटत होतं.

आता मी कोण ते सांगते. पैठण रोडला चितेगावात, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत माझी पाटी आहे: ‘करिअर मार्गदर्शन व लाइफ कोचिंग’. पाटी वाचून लोक वर येतात आणि विचारतात, ‘मॅडम, कोचिंग कोणत्या विषयाचं? मॅथ्स-सायन्स का?’ लाइफ म्हणजे बायोलॉजी असाही एकाचा समज झाला होता. चितेगाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: छत्रपती संभाजीनगरातून पैठणकडे निघालात की नक्षत्रवाडी, कांचनवाडी, गेवराई तांडा मागे टाकून बिडकीनच्या अलीकडे हे गाव लागतं. एकेकाळी हे टीव्हीचं गाव होतं. व्हिडिओकॉनचा नोंदणीकृत पत्ताच मुळी औरंगाबाद-पैठण रस्ता, चौदावा किलोमीटर, चितेगाव असा. ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आता गावच्या गप्पांत बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीतल्या जमिनी आणि तिथं येऊ घातलेले वाहन कारखाने असतात. म्हणजे काय, तर इथल्या जवळजवळ प्रत्येक घरात कोणाला तरी बदलायचं आहे. पन्नाशीतल्या कामगाराला नवा धंदा, त्याच्या पोराला नवं कौशल्य, पोराच्या आईला शुगर. आणि बदलायला सांगणाऱ्यांची तर गल्लोगल्ली रीघ. त्यात माझीही पाटी.

त्या प्रश्नाचं हे घबाड मला दिलं माझ्या भाचीनं. ती समाजकार्याचं शिक्षण घेतेय. तिनं मोबाइलवर एक इंग्रजी पुस्तिका पाठवली, ‘मावशी, हे तुझ्या कामाचं आहे’ एवढाच निरोप. पुस्तिका गोव्याच्या ‘संगत’ या संस्थेची, दारूच्या समुपदेशनाची. मी म्हटलं, दारूशी माझा काय संबंध, मी तर करिअरवाली. चाळायला घेतली आणि स्वयंपाक राहिला.

गोव्यात काय केलं ते ऐका. ‘संगत’ १९९६ पासून काम करते, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. डॉ. अभिजित नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांमधून ज्यांचं पिणं घातक पातळीवर गेलंय असे ३७७ जण निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला केंद्रातल्या डॉक्टरांचे नेहमीचे, जरा सुधारलेले उपचार. दुसऱ्याला ते उपचार, अधिक जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन. आणि समुपदेशन करणारे कोण? मानसोपचाराचं कसलंही आधीचं शिक्षण नसलेली, त्याच भागातली साधी माणसं! त्यांना तयार केलं, सराव करून घेतला. एकमेकांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकून ते एकमेकांना गुण द्यायचे. तीन महिन्यांनी पाहिलं, तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के घातक पातळीच्या खाली आलेले, दुसऱ्या गटात २६ टक्के. आणि आधीच्या चौदा दिवसांत थेंबभरही न घेतलेले एकीकडे ४२ टक्के, दुसरीकडे १८! हे सगळं २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. वर्षानंतर पुन्हा मोजलं तेव्हा पहिली दरी रुंदावली होती, ५४ आणि ३२. अर्थात जे पीतच राहिले त्यांचं प्यायचं प्रमाण काही घटलं नाही, हेही त्याच निबंधात प्रामाणिकपणे लिहिलंय. पण चार भेटी, आणि भेटणारा आपल्यासारखाच कोणीतरी. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

त्या चार भेटींच्या पोटात जे होतं त्याचं नाव मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. नाव ऐकून नोकरीची मुलाखत वाटते, पण तसं काही नाही. आपण त्याला प्रेरक संवाद म्हणू या. त्याची जन्मकथा तर मी आता येईल-जाईल त्याला सांगते, तुम्ही तरी कसे सुटणार!

विल्यम मिलर हा अमेरिकेतला, न्यू मेक्सिको विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ. १९८२ मध्ये तो नॉर्वेत बर्गनजवळच्या एका व्यसनोपचार केंद्रात काही काळासाठी गेला. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ मोठे चौकस. ते स्वतः रुग्णाची भूमिका करायचे आणि मिलरला म्हणायचे, आता बोल आमच्याशी. आणि मध्येच थांबवायचे. आत्ता हाच प्रश्न का विचारलास? मी एवढं सगळं बोललो, त्यातलं हेच वाक्य का उचललंस? मिलर उत्तरं देत गेला आणि देता देता त्याच्याच लक्षात आलं की आपण एक नियम पाळतोय, जो आपल्याला कोणी शिकवला नाही आणि आपणही कुठं लिहिलेला नाही. बदलाच्या बाजूनं युक्तिवाद समुपदेशकानं करायचा नाही. तो समोरच्याच्या तोंडून यावा अशी वाट करून द्यायची. १९८३ मध्ये त्यानं यावर निबंध लिहिला. पुढं १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याची गाठ स्टीफन रोलनिकशी पडली. हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, काम वेल्समध्ये. दोघांनी मिळून १९९१ मध्ये पुस्तक काढलं. चौथी आवृत्ती २०२३ ची. म्हणजे जगाला हे माहीत होऊन चाळीस वर्षं झाली आणि मला आत्ता कळतंय! असू दे. आपल्याकडे अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते १९८६ मध्ये, तेव्हा हे पुस्तक आलंही नव्हतं; व्यसनी माणसाशी माणसासारखं बोलता येतं हे मराठी वाचकाला त्यांनी केव्हाच दाखवलं होतं. मिलरनं त्या बोलण्याचे टाके उसवून दाखवले, कुठला टाका कशासाठी ते.

आता गंमत बघा. ज्याला बदल करायचा असतो पण होत नसतो, तो माणूस अडाणी नसतो, आळशी नसतो, त्याच्यात इच्छाशक्ती नाही असंही नसतं. त्याच्यात दोन माणसं बसलेली असतात. एक म्हणतो सोड, दुसरा म्हणतो राहू दे की. किराणा दुकानातल्या जुन्या तराजूसारखं आहे हे: आपण जाऊन ‘सोड’च्या पारड्यात आपलं वजन टाकतो, आणि तो काटा समान राखायला म्हणून ‘राहू दे’च्या पारड्यात भर घालत जातो. जितका आपला जोर, तितका त्याचा. आणि शेवटी आपल्याशी भांडता भांडता त्यानं न बदलण्याची सगळी कारणं स्वतःच्या तोंडानं घोकून पाठ केलेली असतात. नव्वद वर्षं जगलेला आजोबा अशा घोकंपट्टीतून तयार होतो. डॅरिल बेम नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये मांडलं होतं की आपल्याला नेमकं काय वाटतं हे माणूस बऱ्याचदा स्वतःचं बोलणं-वागणं पाहूनच ठरवतो. मग मामांना रोज तंबाखूची वकिली करायला लावणारे कोण? आपणच की, त्यांचे हितचिंतक!

आणि हे नुसतं तर्कानं नाही, मोजून पाहिलंय. मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ४२ मद्यपींवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. भेटीत समुपदेशक जितका तोडून बोलला, चूक पदरात घालत गेला, तितकं त्याच्याकडे आलेल्याचं पिणं वर्षानंतर जास्त होतं. मी हे आमच्या गल्लीतल्या एका काकूंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे वीस वर्षं मी भांडले ते फुकटच गेलं म्हण की.’ मला हसावं की रडावं कळेना.

समोरचा चुकतोय असं दिसलं की लगेच त्याला सरळ करायला धावायचं, या आपल्या सवयीला मिलर-रोलनिक फार महत्त्व देतात. मी तिला दुरुस्तीची खाज म्हणते. आपल्याकडे ही खाज सार्वत्रिक आहे. लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणूस तुमच्या ताटाकडे बघून सांगतो की शुगरवाल्यांनी मेथीचं पाणी प्यावं. एसटीत खिडकीशेजारचे आजोबा तुमच्या मुलानं काय शिकावं ते बिडकीन यायच्या आत ठरवून टाकतात. प्रेमच असतं त्यात, मी नाकारत नाही. पण प्रेमानं खाजवलं तरी कातडी सोलायची ती सोलतेच.

बरं, मग करायचं काय? ऐकायचं. ‘ऐकायचं’ म्हटलं की लोक मान हलवत बसतात, ‘हं, हं’ करतात. तसं ऐकणं नव्हे! इथल्या ऐकण्याला बोलावं लागतं. समोरचा जे म्हणाला, त्यातलं त्यानं न उच्चारलेलं पण आत असलेलं वाक्य आपण म्हणून दाखवायचं. विधान म्हणून. आणि इथं मराठीत एक मजा आहे. ‘भीती वाटतेय’ हे वाक्य शेवटी आवाज चढवून म्हणा, ती चौकशी होते आणि समोरचा सावध होतो, ‘नाही नाही, भीती कसली.’ तेच वाक्य आवाज खाली उतरवून म्हणा, तो सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, ‘हो ना.’ अक्षर एकही बदललं नाही! मी आरशासमोर सराव केला याचा. नवरा दारात उभा राहून म्हणाला, ‘कोणाला वाटतेय भीती?’ तर त्याचा आवाज चढलेला होता.

जाणकार सांगतात, एका प्रश्नामागे निदान दोन तरी अशी विधानं यावीत. करून बघा तुम्ही. भयंकर अवघड आहे. आपलं सगळं बोलणं प्रश्नांचं बनलेलं असतं: काय झालं, कधी झालं, मग तू काय केलंस, डॉक्टरला दाखवलंस का. पोलीस ठाणंच.

पण जमलं की काय होतं, ते मला एका दादांच्या भेटीत दिसलं. इथल्याच एका कारखान्यात टीव्हीच्या लाइनवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता रात्री वॉचमनची नोकरी करतात. बायकोनं पाठवलं होतं माझ्याकडे. तेव्हाचं बोलणं मी घरी येऊन लगेच वहीत उतरवून काढलं, म्हणून जवळजवळ तसंच्या तसं देते.

‘दुरुस्तीचं दुकान टाकायचं डोक्यात हाय, पण आता या वयात काय जमतंय.’

‘आपलं वय निघून गेलं असं वाटतंय.’

‘निघून गेलं असं नाही. हात चालतो अजून. सोल्डरिंग तर डोळे झाकून करीन. पण हे नवीन एलईडी सेट वेगळेच आहेत.’

‘हात तयार आहे. धास्ती नव्या सेटची आहे.’

‘धास्ती कशाची? पॅनल गेलं तर तो सेट गेलाच, त्याला कोणीच काही करू शकत नाही. पण बॅकलाइटच्या पट्ट्या, पॉवर सप्लाय, ते आपलं जुनंच काम हाय. दिवाळीत शेजाऱ्याचा मीच चालू करून दिला.’

‘शोरूमवाल्यांनी नवा घ्या म्हटलं असतं, तो तुम्ही चालू केलात.’

‘व्हय, त्यांनी तसंच सांगितलं होतं.’ आणि मग दादा गप्प झाले. मला वाटत होतं आता बोलावं. मुद्रा लोन सांगावं, गाळा सुचवावा, बिडकीनच्या बाजाराचा दिवस सांगावा. ओठांवर आलं होतं सगळं. मी गप्प बसले. हे गप्प बसणं म्हणजे उकळत्या चहाचा कप हातात धरून बसण्याइतकं अवघड हो! शेवटी तेच म्हणाले, ‘दुकान नको ताई आधी. भाडं अंगावर येतं. घरीच एक टेबल टाकतो. रात्रीची ड्युटी करून दुपारी दोन-तीन घंटे.’

मी काय केलं होतं यात? पहिलं विधान तर मी जरा वाढवूनच ठेवलं होतं, वय निघून गेलं म्हणून, आणि त्यांनी स्वतःच ते खोडलं. मी ‘छे, तुमचं वय काय झालंय!’ म्हटलं असतं, तर त्यांनी मला गुडघे, चष्मा, कंबर, सगळं दाखवलं असतं. मग शेवटी मी त्यांच्याच वाक्यांची गोळाबेरीज केली: हात चालतो, जुनं काम कामाला येतंय, शेजाऱ्याचा सेट झाला, भाड्याचा बोजा नको म्हणून घरी टेबल. त्यांचीच फुलं त्यांच्याच ओंजळीत. त्यांनी मान वर करून विचारलं, ‘हे सगळं मी बोललो?’ बोललात की!

सल्ला द्यायचाच नाही का मग? द्यायचा. पण आधी विचारून. ‘मला एक गोष्ट ठाऊक आहे, सांगू का?’ समोरचा हो म्हणाला की थोडक्यात सांगायचं, आणि लगेच चेंडू त्याच्याकडे: ‘तुम्हाला काय वाटतं यावर?’ टेम्पोवाल्या मामांचं तोंड पूर्ण उघडत नाही हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यात हे लक्षण दिसलं की दुर्लक्ष करायचं नसतं, कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते ती. मी विचारलं, ‘मामा, तोंड उघडत नाही त्याबद्दल एक सांगू का?’ ते म्हणाले, ‘सांगा.’ मी सांगितलं, आणि शहरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवता येतं हेही सांगितलं. मग विचारलं, ‘काय करावं म्हणता?’ मामा म्हणाले, ‘बिडकीनचा माल उतरवून गाडी तिकडंच नेतो.’ गेले. एकटे. बायकोला न सांगता! गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी कुठं मिळते हे शेंबडं पोरही सांगेल, त्या राज्यात हे मला क्रांतीसारखं वाटलं. मामांची तंबाखू सुटली असं मी म्हणत नाही. सकाळची आणि रात्रीची आहेच. दुपारची गेलीय. आणे किती विचारलं तर आता नऊ म्हणतात.

आण्यांचं आमच्या गावठी डोक्यातून निघालंय बरं का. मूळ पद्धतीत शून्य ते दहा अशी पट्टी आहे. पण दहापैकी म्हटलं की आमच्या मोठ्या माणसांना परीक्षेचे गुण आठवतात आणि ते उगाच पास होण्यापुरते चार-पाच सांगून मोकळे होतात. आणे १९५७ मध्ये नाणेपद्धतीतून गेले, बोलण्यातून गेले नाहीत. सोळा आणे खरं, बारा आणे काम झालं, हे सगळे म्हणतात. पोरांसाठी मात्र मोबाइलची बॅटरी: किती टक्के चार्ज?

मी उतू चाललेय हे मला कळतंय. शेकडो अभ्यासांचा ताळेबंद मांडणारे म्हणतात, या संवादाचा परिणाम सरासरीनं लहान ते मध्यम असतो. म्हणजे जादू नाही. पण मी ज्या क्षेत्रात आहे तिथला बाजार बघा! शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये ढणढणाट संगीत लावून, मुठी आवळायला लावून, ‘मी करू शकतो’ असं ओरडून घेणारे कार्यक्रम होतात. मीही गेलेय. अंगात वारं भरतं. ते रेल्वे स्टेशनपर्यंत टिकतं, महानुभाव आश्रमाचा चौक येईस्तोवर उतरलेलं असतं. त्यापेक्षा दोन महिन्यांत दुपारची पुडी सुटणं मला लाखमोलाचं वाटतं.

शिवाय लाइफ कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठलाही सरकारी परवाना लागत नाही, हे लक्षात ठेवा, माझ्या बाबतीतही ठेवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, मला नुसती पाटी पुरते. त्यामुळं माझी हद्द मी आखून घेतलीय. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला ‘आजपासून बंद करा’ असं माझ्या खोलीतून कोणी ऐकून जाणार नाही; अचानक बंद केल्यावर हातपाय कापतात, झटके येतात, जिवावर बेतू शकतं. तो डॉक्टरांच्या देखरेखीचा मामला. कोणाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचा सूर आला, तर आणे-बिणे मोजत बसायचं नाही. घरच्या माणसाला सोबत घ्यायचं, दवाखाना गाठायचा, आणि १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक माझ्या भिंतीवर मोठ्या अक्षरात आहेच.

आणखी एक जागा, जिथं हे हत्यार म्यानात ठेवावं लागतं. एक मुलगी आली. एमपीएससीची तयारी चालू ठेवू की कंपनीत नोकरी धरू? इथं कुठलं पारडं जड व्हावं हे ठरवणारी मी कोण? मिलर-रोलनिक बजावतात की जिथं योग्य दिशा कोणती हे सांगण्याचा अधिकार आपला नाही, तिथं एका बाजूचीच कारणं काढून घ्यायची नाहीत. दोन्ही बाजू सारख्याच ऐकायच्या. आणि स्वतःच्या फायद्यासाठी तर हे कधीच वापरायचं नाही, कारण चालतं ते! विमा विकणाऱ्यानं ‘पाच आणे का, दोन का नाही’ सुरू केलं तर गावाची काही खैर नाही. त्या मुलीला मी एवढंच म्हटलं की निर्णय तुझा आहे आणि तो तुझाच राहील. तिनं अजून काही ठरवलेलं नाही. तिचे वडील मला रस्त्यात गाठून विचारतात, ‘मॅडम, सांगितलं का तिला?’

गंमत म्हणून सांगते. गीतेत सगळं सांगून झाल्यावर शेवटी श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो की यावर नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. पैठणच्या रस्त्यावर वाढलेल्या मला हे लहानपणापासून कीर्तनात ऐकून माहीत, पण त्याचं वजन आत्ता कळलं. एवढा भगवंत, पण निर्णय अर्जुनाच्या हातात ठेवतो. अर्थात त्याआधी दुसऱ्या अध्यायापासून तो सल्लाच देत होता, आणि तेही जवळजवळ सलग! गोव्याच्या त्या समुपदेशकांनी ध्वनिमुद्रण ऐकून गुण दिले असते, तर देवाला पुन्हा सरावाला बसवलं असतं.

सराव म्हटल्यावर आठवलं, सगळ्यात धमाल तर सांगायची राहिलीच. नॉर्वेतल्या त्या पोरांसारखा आम्हीही सराव सुरू केलाय. बचत गटाच्या बैठकीनंतर मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात आठ-दहा जणी बसतो. एक आशाताई असते, एक अंगणवाडीच्या सेविका, बाकी आम्ही अशाच. एकीनं बदलू न शकणारा माणूस व्हायचं, दुसरीनं ऐकायचं, बाकीच्यांनी बोटं मोजायची: प्रश्नाला डाव्या हाताचं बोट, विधानाला उजव्या हाताचं, आणि कोणी सल्ला दिला की सगळ्यांनी टाळी. पहिल्या बैठकीत टाळ्यांचा कडकडाट थांबेना. भजन चाललंय असं समजून दोन म्हाताऱ्या प्रसादाला येऊन बसल्या.

परवा एक वहिनी आपल्याच नवऱ्याची भूमिका करायला उभी राहिली. शेतातून येऊन कट्ट्यावर बसतो, मोबाइल बघतो, शुगरची गोळी घेत नाही, चालायला जात नाही. तिनं त्याची बसायची ढब अशी घेतली की आम्ही लोळलो. समोरची आशाताई हळूच म्हणाली, ‘दिवसभर उन्हात राबून आल्यावर परत चालायला जा म्हटलं की जिवावर येतं.’ वहिनी नवऱ्याच्या आवाजात म्हणाली, ‘मग काय! अन् गोळी घेतली की आपण आजारी हाय असं वाटतं लोकायला.’ आणि थबकली. पुन्हा स्वतःच्या आवाजात आम्हाला म्हणाली, ‘अगं बाई, असं वाटत असल का यांना? मी कधी विचारलंच नाही की.’ आशाताईनं लगेच नियम दाखवला: भूमिका सोडायची नाही, अजून तीन विधानं बाकी आहेत. वहिनीनं पदर खोचला, पुन्हा मांडी घातली आणि नवऱ्याच्या आवाजात मोबाइल मागितला.

पुढच्या बैठकीत सासू कोण होणार यावरून आतापासून भांडणं लागली आहेत. चौघींनी नाव दिलंय, आणि ऐकणारी व्हायला अजून एकही तयार नाही.